खांसाहेबांची हत्यारांची पेटी

गेल्या पावसाळ्यात हुबळीतील एका जुन्या मराठी घरातील मुलगी युकुलेले नावाचे चार तारांचे चिमुकले वाद्य घेऊन माझ्याकडे आली. घर तीन पिढ्यांपासून इकडे स्थायिक झालेले. आजोबा किराण्याच्या गायकीचे भक्त, आणि नातीच्या हाती हे दूरदेशीचे वाद्य! शाळेच्या संमेलनात तिने ते मनापासून वाजविले, पण तिसऱ्या रांगेपलीकडे एक स्वर पोहोचला नाही. मागची मुले बोलू लागली, आणि पोर रडवेली होऊन विंगेत परतली. मग बाजारातील एका कारागिराकडून तिने वाद्याला पिकअप बसवून घेतला. त्याने आवाज मोठा झाला खरा, पण वाद्याचा राहिला नाही. एक तार ठणठणीत, दुसरी जवळजवळ मुकी, आणि आवाज जरा वाढविला की कर्ण्यातून कर्कश शीळ. आता वाद्य टाकून द्यावे की काय, असे तिच्या मनाने घेतले होते.

तिचे गाऱ्हाणे ऐकताना मला एकाएकी खांसाहेब अब्दुल करीम खां यांची आठवण झाली. सुरांच्या त्या बादशहाचा युकुलेलेशी काय संबंध, असे वाचकांस वाटेल. संबंध आहे. नाजूक आवाज दूरवर पोहोचवायचा, पण त्याचा नाजूकपणा गमवायचा नाही, हा पेच खांसाहेबांना जन्मभर सोडवावा लागला. जिथे जातील तिथे वाद्यदुरुस्तीची हत्यारे बरोबर बाळगणारा हा गवई, तेव्हा त्यांच्या चरित्रातून त्या मुलीला काही सांगता येईल असे मला वाटले. ते चरित्र आपल्या वाचकांना अपरिचित नाही. परंतु या बाजूने ते पुन्हा एकदा पाहण्याजोगे आहे.

खांसाहेबांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 रोजी उत्तरेतील किराणा गावी झाला. कुरुक्षेत्राच्या बाजूचे हे लहानसे गाव पुढे एका घराण्याचे नाव होऊन बसले. घरात सारंगी, बीन आणि गाणे यांचा पिढीजात व्यवसाय. वडील काले खां आणि चुलते अब्दुल्ला खां यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झाले. गळ्याच्या आधी त्यांचा हात तयार झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सारंगी, बीन, सतार, तबला या सर्वांशी त्यांची लहानपणापासून सलगी होती. सारंगियाला पडद्यांचा आधार नसतो. स्वर कानाने शोधून नखाने धरावा लागतो, आणि केसभर चूक झाली तरी ती लपत नाही. खांसाहेबांच्या गाण्यात पुढे स्वराची जी विलक्षण सचोटी दिसून आली, तिचे मूळ मला या सारंगीत दिसते.

तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्यासह ते दरबारोदरबारी गात फिरले. ही मुशाफिरी त्यांना सयाजीराव महाराजांच्या बडोद्यास घेऊन आली. तेथे मान मिळाला, आणि तेथेच त्यांच्या आयुष्याला मोठे वळण लागले. सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई हिला ते गाणे शिकवू लागले. दोघांचे मन जुळले, आणि त्या काळी कोणत्याही दरबाराला न पचणारा हा विवाह करून त्यांनी बडोदे सोडले. पुढे मुंबई आणि मग आपला दक्षिण महाराष्ट्र. मिरजेत त्यांनी बिऱ्हाड केले. प्लेगाच्या दिवसांत आजारी पडलेल्या खांसाहेबांना ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात गुण आला, अशी मिरजेत श्रद्धा आहे. त्या दर्ग्याशी त्यांचे नाते अखेरपर्यंत टिकले, आणि तेथील उरुसात गाऊन हजेरी लावणे हा गवयांचा परिपाठ होऊन बसला.

मिरज त्यांना मानवली याचे आणखी एक कारण असावे. गाणाऱ्याला हवे असलेले वाद्य या गावात डोळ्यांदेखत घडते. पटवर्धन सरकारच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगारांनी येथे तंबोरे बनविण्यास आरंभ केला. तलवारींना धार लावणाऱ्या घराण्याने तारांना धार दिली! पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला हात यांतून मिरजेचा तंबोरा तयार होतो. भोपळ्याचे आकारमान, तबलीची जाडी आणि घोडीची घासणी हे तिन्ही जुळून आले म्हणजे तार छेडताच सारे दालन भरून जाते. ही वीज नव्हे, जादू नव्हे. तारेचे कंपन घोडीवाटे तबलीत, तबलीतून पोकळ भोपळ्यातील हवेत आणि तेथून बाहेर जाते. एकटी तार फार थोडी हवा हलविते, तबली पुष्कळ हलविते. वाद्याचा सारा कर्णा तो एवढाच.

या कामातील अवघड भाग म्हणजे जवारी. घोडीचा माथा अगदी अल्प उतार देऊन घासावयाचा आणि तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवावयाचा. दोरा योग्य जागी आला की तार एकाएकी खुलते आणि तिच्यातून वरचे स्वयंभू स्वर झरू लागतात. केसभर पुढे-मागे झाला की तीच तार बोदी होते. खांसाहेबांना हे काम स्वतःला येत असे. तंबोरा बोलेना झाला तर कारागिराची वाट न पाहता ते स्वतः घोडी घासायला बसत. वाद्य दुरुस्त करणारा गवई आणि वाद्य दुसऱ्याच्या हाती सोपविणारा गवई यांत फरक असतो. पहिल्याला आपला आवाज कोठून येतो हे ठाऊक असते.

आता त्यांच्या आवाजाविषयी. खांसाहेबांचा गळा मोठा नव्हता. उंच पट्टीचा, बारीक, थोडा दाबून लावलेला आणि अतिशय करुण. ज्या काळात नाटकगृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत तान फेकणे हीच मर्दुमकी मानली जाई, त्या काळात हा आवाज घेऊन उभे राहणे सोपे नव्हते. ग्वाल्हेरची गायकी खुल्या, दमदार आवाजाची. त्याच परंपरेतील हद्दू खांचे पुत्र रहिमत खां यांच्या गाण्याचा खांसाहेबांवर फार परिणाम झाला. हे रहिमत खां विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कशीबरोबर हिंदुस्थानभर फिरले आणि 1922 मध्ये कुरुंदवाडास वारले, हे आपल्याकडील जुन्या घरांना सांगावयास नको. त्यांचा स्वर जलद तानेतही गोड राही. खांसाहेबांनी त्यातील गोडवा घेतला आणि गती मंद केली. आवाज ओढून मोठा करण्याऐवजी त्यांनी आधी तंबोरे मोठे केले, म्हणजे ते इतके अचूक मिळविले की त्यांच्या झंकारात गळ्याचा स्वर मिसळून वाढावा. दोन तंबोरे पूर्ण जुळलेले असले की गवयाला ओरडावे लागत नाही. प्रत्येक स्वराला खालून कोणीतरी खांदा दिलेला असतो. अडखळत्या तंबोऱ्यावर हाच गवई दुप्पट दम खर्च करूनही लहान वाटतो.

ध्वनिमुद्रणाची कला हिंदुस्थानात आली तेव्हा हा प्रश्न वेगळ्या रूपाने समोर आला. 1904-05 च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीने खांसाहेबांच्या मुद्रिका घेतल्या. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने एका कर्ण्यात तोंड घालून गावयाचे. कर्ण्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. गळ्यातल्या वाऱ्यानेच सारे कोरावे लागे. हळुवार स्वराची रेघ उमटतच नसे आणि खर्ज बहुधा हरवून जाई. वेळ जेमतेम तीन मिनिटांचा. पाऊण तास एका स्वराभोवती रुंजी घालणाऱ्या गवयाला या कर्ण्यापुढे किती घाई आणि जोर करावा लागला असेल, याची कल्पना करावी. त्या मुद्रिकांत खांसाहेब आहेत, पण ते भिंतीपलीकडून ऐकू यावेत तसे.

मिरजेत असतानाच त्यांना शास्त्राची संगत लाभली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुती कानाने मोजता येतात आणि तारेच्या लांबीने सिद्ध करता येतात, असा त्यांचा सिद्धांत होता. 1910 मध्ये त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. आय. सी. एस. अधिकारी क्लेमंट्स यांनी त्यांना साथ दिली, आणि या दोघांच्या प्रयोगांत गळा होता खांसाहेबांचा. स्वर लावायचा, तो तारेवर पकडायचा, तार मोजायची. या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम तयार झाली आणि 1916 च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली. विद्वानांचे एकमत झाले नाही, आणि ती पेटी चालली नाही. तरीही एक गोष्ट राहते. बहुतेक उस्ताद आपली विद्या झाकून ठेवीत असताना या गवयाने आपला स्वर मोजपट्टीखाली ठेवला. यंत्राची त्यांना भीती वाटली नाही. यंत्राने स्वराशी प्रामाणिक राहावे एवढीच त्यांची अपेक्षा असावी.

आता आमच्या धारवाडकडे वळतो. म्हैसूरच्या दरबारात खांसाहेबांना मोठा मान होता आणि संगीतरत्न ही पदवी त्यांना तेथेच मिळाली. मिरजेहून म्हैसूरला जाण्याची वाट हुबळी-धारवाडवरून जाते. धारवाडास त्यांच्या भावाचे बिऱ्हाड होते, तेथे ते उतरत. याच मुक्कामांत या प्रांताचे भाग्य उघडले. हुबळीजवळच्या कुंदगोळचा रामचंद्र, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, त्यांचा शिष्य झाला. 19 जानेवारी 1886 चा त्याचा जन्म. मुलाला गाण्याचे वेड फार, पण वयात येताना आवाज फुटला तो असा की, दुसऱ्या कोणी त्याला परत पाठविले असते. खांसाहेबांनी तसे केले नाही. बिघडलेले वाद्य घेऊन बसावे तसे ते या गळ्याला घेऊन बसले. एकेक राग आणि एकेक पलटा महिनोन्‌महिने घोटून घेतला. त्या जड आवाजातून जे गाणे निघाले, त्याने महाराष्ट्राची रंगभूमीही गाजविली. शिष्याने नाटकात जावे हे गुरूला रुचले नव्हते. आवाज थिएटरात भरण्यासाठी जो ताण द्यावा लागतो, त्याची त्यांना धास्ती वाटली असल्यास नवल नाही.

धारवाडला येण्याचा खांसाहेबांनाही लाभ झाला. येथे कर्नाटक संगीताची हवा होती. गंगूबाई हनगल यांच्या मातोश्री अंबाबाई या कर्नाटक पद्धतीच्या उत्तम गायिका. त्यांचे गाणे खांसाहेब आदराने ऐकत. उत्तरेच्या उस्तादाने दक्षिणेच्या गाण्याकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहावे, हे तेव्हा अपूर्व होते. त्यांच्या सरगमेतील गुंफण त्या ऐकण्यातून आली, आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृती त्यांनी पुढे तबकडीवरही गायिली. याच धारवाडात सतारीचे रहिमत खां येऊन राहिले. कुरुंदवाडचे ते वेगळे, हे वेगळे. बीनकार बंदे अली खांचे हे शिष्य 1954 पर्यंत होते आणि खर्जाच्या तारांनी त्यांनी सतारीचा पल्ला वाढविला, असे त्यांचे घराणे मानते. एका लहान गावात गळ्याचा आणि तारेचा पल्ला वाढविण्याचे प्रयोग असे शेजारीशेजारी चालले होते.

1913 मध्ये खांसाहेबांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. गुरूच्या घरी पाणी भरून विद्या मिळविण्याच्या काळात त्यांनी मुलांना एकत्र ठेवून, जेवू घालून शिकविले. खर्च मैफलींच्या बिदागीतून भागवायचा. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरींसारखे शिष्य तेथे शिकवीत, आणि याच कपिलेश्वरींनी पुढे गुरूचे मोठे चरित्र लिहिले. निधीसाठी जलसे होत, आणि त्यांत स्वर लावणारा टिपू नावाचा कुत्राही रंगमंचावर येई. लोक हसत, पण तिकिटे घेत. आवाज ओळखून त्याला वळण देण्याची त्यांची हौस माणसापाशी थांबत नव्हती, असेच म्हणावे लागेल.

परंतु या भरभराटीच्या मागे घर उसवत होते. 1922 मध्ये ताराबाई मुलांसह त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली. धाकटी सरस्वती राणे. ज्या मुलांच्या कानांत तंबोरा घालून वाढविले, त्यांचे गाणे महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, आणि बाप मात्र मिरजेत राहिला. या दुराव्याचा न्यायनिवाडा करणे आपले काम नव्हे. मात्र उत्तरायुष्यातील त्यांच्या गाण्यात जी आर्तता भरून आली, ती रियाझाची आहे की या घावाची, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहतोच. हिराबाईंचा स्वरही तसाच मृदू, न ओरडता पोहोचणारा. नाव बदलले, पण गळ्याने बापाची ओळख सोडली नाही.

आणि मग उतारवयात खांसाहेबांना मायक्रोफोन भेटला. 1925 च्या सुमारास ध्वनिमुद्रणात वीज आली आणि कर्णा गेला. आता गवयाने सुईला ढकलावयाचे नव्हते. त्याने गावे, विजेने ते वाढवावे. ओडियनच्या तबकड्यांसाठी खांसाहेब 1934 नंतर पुन्हा गायिले तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे गेले होते. पिया बिन नहीं आवत चैन आणि जमुना के तीर या त्या मुद्रिका. मराठी नाट्यपदेही त्यांनी गायिली, चंद्रिका ही जणू आणि उगीच का कांता. या तबकड्यांतून प्रथमच त्यांचा श्वास ऐकू आला, मिंडेतील मधल्या जागा ऐकू आल्या, तंबोऱ्याचा झंकार ऐकू आला. तीस वर्षांपूर्वी कर्ण्यापुढे जो आवाज हरला होता, तो या नव्या यंत्रापुढे जिंकला, आणि तोही जोर न वाढविता. यंत्राला हलका स्वर पकडता येऊ लागल्याबरोबर, हलका स्वर शुद्ध राखणारा गवई सर्वांत मोठा ठरला. जन्मभर न ओरडण्याचा जो हट्ट धरला, त्याचे फळ शेवटच्या तीन वर्षांत पदरी पडले.

27 ऑक्टोबर 1937. मद्रासहून पाँडेचरीस जात असता गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. तेथेच फलाटावर बिछाना घालून त्यांनी नमाज पढला आणि दरबारीच्या स्वरांत ईश्वराचे नाव घेत देह ठेवला, असे सांगतात. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तेथे आजही गवई गाऊन हजेरी देतात.

त्यानंतर काय झाले, हे या प्रांताला ठाऊक आहे. गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांपाशी शिकल्या. गदगच्या जोशी मास्तरांचा मुलगा भीमसेन लहानपणी खांसाहेबांची तबकडी ऐकून असा झपाटला की, घर सोडून गाण्याच्या शोधात निघाला, आणि अखेर तोही कुंदगोळलाच पोहोचला. सवाई गंधर्व 1952 मध्ये गेले. पुढल्याच वर्षी भीमसेनांनी पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू केला. आता हजारोंच्या समुदायापुढे मोठमोठ्या कर्ण्यांतून गाणे होते. परंतु मंडपाच्या टोकाला बसलेल्या माणसाला जे ऐकू येते, त्याचा उगम तंबोऱ्याच्या घोडीखालच्या त्या सुताच्या दोऱ्यातच आहे.

आता त्या मुलीच्या युकुलेलेकडे परत येतो. 1879 मध्ये माडीरा बेटावरील पोर्तुगीज मजूर जहाजाने होनोलुलूस उतरले. त्यांच्याबरोबरच्या लहान गिटारीपासून हवाई बेटांत हे वाद्य झाले. आमच्या वाद्याला पिकअप कोणता हे ठरविताना आधी तारा पाहाव्यात. विजेच्या गिटारीवर चुंबकाचा पिकअप असतो आणि त्याला पोलादी तार लागते. युकुलेलेच्या तारा नायलॉनच्या. त्यांना चुंबक ओळखतच नाही. तेव्हा तो मार्ग बंद. दुसरा मार्ग दाबाचा. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांतून सूक्ष्म वीज निघते, हे पॅरिसच्या क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये दाखविले. अशा पदार्थाची पातळ पट्टी घोडीवरच्या हाडाच्या पट्टीखाली बसवितात, किंवा नाण्याएवढी चकती तबलीच्या आतून घोडीजवळ चिकटवितात. चकती लावणे सोपे, भोक पाडावे लागत नाही, पण ती तबलीवरचा हात लागल्याचा आवाजही ऐकते आणि शीळ लवकर घालते. पट्टी बसविणे अवघड, पण आवाज सरळ तारेचा घेते.

आमच्या वाद्यात पट्टीच होती. दोष बसविण्यात होता. हाडाची पट्टी खालून वाकडी घासलेली, त्यामुळे पिकअपवर एका तारेचा भार पडत होता, दुसरीचा पडत नव्हता. तारा उतरविल्या. सपाट काचेवर बारीक कागद ठेवून हाडाचा तळ घासला, दर वेळी उजेडापुढे धरून पाहिला. पिकअपची जाडी वाढली तेवढेच हाड कमी केले, म्हणजे तारा पूर्वीच्याच उंचीवर आल्या. खाचेतील लाकडाचा भुसा काढला. तो एक कणही पट्टीला उचलून धरतो. अशा पिकअपचा आवाज अगदी दुबळा निघतो, म्हणून त्याला जुळेल असा लहान प्रीॲम्प मध्ये घातला. नाहीतर आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. शेवटी कर्णा वाद्याच्या तोंडासमोरून बाजूला केला. कर्ण्याचा आवाज तबलीला पुन्हा हलवितो, तबली पिकअपला, आणि पिकअप पुन्हा कर्ण्याला. शीळ येते ती या फेऱ्यामुळे.

या कामाला माझी दोन संध्याकाळी गेल्या. मुलगी शेजारी बसून पाहत होती. मग मी तिला वाद्य कशालाही न जोडता वाजवावयास सांगितले आणि चारही तारा सारख्या बोलेपर्यंत जोडू दिले नाही. तिला याचा कंटाळा आला, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण यंत्र जे मिळेल तेच वाढविते. बेसूर दिला तर बेसूर मोठा होतो. तंबोरे जुळेपर्यंत श्रोत्यांना ताटकळत ठेवणारे गवई तऱ्हेवाईक नव्हते, हे तिला त्या दिवशी थोडे कळले असावे.

दिवाळीच्या सुमारास त्यांच्या घरच्या समारंभात ती वाजवावयास बसली. आजोबा शेवटच्या खुर्चीवर, हातात काठी. त्यांना आता नीट ऐकू येत नाही. तिने आवाज फार वाढविला नव्हता. एका जागी तार सोडून ती क्षणभर थांबली, आणि स्वर विरत गेला. म्हाताऱ्याने मान डोलावली. सम कोठे आली हे त्यांना बरोबर समजले होते.

घरी आल्यावर मी खांसाहेबांची तबकडी लावली. आवाज नेहमीपेक्षा थोडा कमीच ठेवला.